पीएस५ स्लिम घ्यावा की नाही? पहिल्यांदाच कन्सोल घेणाऱ्यांसाठी

सेल लागला, किंमत थोडी उतरली की घरात विषय निघतोच. पोरं महिनाभर मागे लागलेली असतात, वडील "मोबाइलवर खेळता ते काय कमी आहे" म्हणत असतात, आणि कोणीतरी मामा किंवा ऑफिसातला सहकारी सांगतो, "अरे, आता स्लिम आलाय, तोच घ्या." स्लिम म्हणजे नक्की काय, हे त्यालाही धड सांगता येत नाही. तर पीएस५ म्हणजे सोनीचा प्लेस्टेशन ५, टीव्हीला जोडून गेम खेळायचा कन्सोल, आणि स्लिम म्हणजे त्याचाच छोटा, हलका अवतार.

उत्तर आधीच देऊन टाकतो. घरात पीएस५ नसेल आणि घ्यायचा ठरलाच असेल, तर स्लिम बिनधास्त घ्या. जुना जाडा पीएस५ घरात नीट चालत असेल, तर तो विकून स्लिम घेण्यात पैसे घालवू नका. ज्याने अजून काहीच घेतलेलं नाही त्याने "जाडा की बारीक" यावर डोकं खाजवण्यापेक्षा "डिस्कवाला की डिजिटल" (गेमची डिस्क चालणारा, की गेम फक्त नेटवरून उतरवून खेळायचा) हे ठरवायला वेळ द्यावा. पुढची दोन-चार वर्षं खिशाला काय पडेल, ते तिथे ठरतं.

पायरी १: स्लिम का काढतात, ते समजून घ्या

कन्सोल बाजारात येतो तेव्हा त्यातली चिप महाग आणि तापट असते. ती थंड ठेवायला मोठा पंखा आणि जड हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) लागतो. दोन-तीन वर्षांत तीच चिप अधिक बारीक पद्धतीने बनू लागते, कमी तापते, बोर्ड लहान होतो. मग कंपनी तेच यंत्र छोट्या डब्यात बसवते. डबा हलका झाला की एका कंटेनरमध्ये जास्त नग मावतात आणि वाहतूक स्वस्त पडते. म्हणजे स्लिम ही मुळात बनवणाऱ्याची सोय असते. त्यातला किती वाटा गिऱ्हाइकाला मिळतो, ते दर वेळी वेगळं असतं.

पीएस३च्या वेळी वाटा चांगला मिळाला होता. २००६ मध्ये अमेरिकेत त्याचं मोठं मॉडेल ५९९ डॉलरला आलं आणि २००९चा स्लिम २९९ डॉलरला. पीएस५च्या वेळी तसं झालं नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये स्लिम आला तेव्हा अमेरिकेत डिस्कवाल्याची किंमत होती तेवढीच राहिली, आणि डिजिटल तर ५० डॉलरने महागला. आपल्याकडे पीएस५ फेब्रुवारी २०२१ मध्ये आला तो ४९,९९० आणि ३९,९९० रुपयांना. २०२२च्या शेवटी दोन्ही पाच-पाच हजारांनी वाढले, आणि ५ एप्रिल २०२४ला स्लिम आला तो त्याच वाढलेल्या ५४,९९० आणि ४४,९९० रुपयांना. अंग उतरलं, भाव उतरला नाही. त्यानंतर किमती सेलप्रमाणे खालीवर होत आल्या आहेत, म्हणून हे आकडे अंदाजापुरते धरा आणि आजचा भाव दुकानात विचारा.

स्लिम बघताना आणखी एक सवय लावून घ्या: "नवीन काय दिलं" याच्याबरोबर "काय काढलं" हेही विचारायचं. कारण दर वेळी काहीतरी काढलेलं असतंच. २००४च्या बारीक पीएस२मध्ये नेटचं पोर्ट आत आलं, पण हार्ड डिस्क बसवायची जागा गेली. पीएस३ स्लिममध्ये लिनक्स (कॉम्प्युटरची एक प्रणाली) टाकायची सोय गेली. २०१६च्या पीएस४ स्लिममधून ऑप्टिकल ऑडिओचं पोर्ट गायब झालं आणि जुनं होम थिएटर असलेले लोक चरफडले. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स वन एसमध्ये (त्यांच्या कन्सोलचा बारीक अवतार) पॉवरचा अवजड ठोकळा डब्याच्या आत गेला, हे उत्तमच झालं, पण किनेक्ट कॅमेऱ्याचं पोर्ट निघालं.

पायरी २: पीएस५ स्लिममध्ये काय बदललं

आधी न बदललेलं. वेग तोच, चित्र तेच, कंट्रोलर तोच, गेम तेच. स्लिमवर एखादा गेम जास्त गुळगुळीत चालतो असं कोणी सांगितलं तर ऐकून सोडून द्या.

आता बदललेलं. सोनीच्या म्हणण्यानुसार आकारमान ३० टक्क्यांहून जास्त कमी झालं. डिस्कवाला जुना पीएस५ साडेचार किलोचा होता, स्लिम ३.२ किलोचा आहे. डिजिटल ३.९ वरून २.६ किलोवर आला. पण स्लिम म्हटल्यावर जेवढा बारीक डोळ्यांसमोर येतो तेवढा तो नाही. उंची साधारण ३६ सेंटिमीटर, खोली २१-२२ सेंटिमीटर आणि जाडी साडेनऊ सेंटिमीटरच्या वर. टीव्हीखालच्या बऱ्याच कपाटांत तो आजही उभा मावत नाही.

बाहेरची कव्हरं आता दोनाऐवजी चार तुकड्यांत आहेत. वरचा तुकडा चकचकीत, खालचा मॅट. चकचकीत भागावर बोटांचे ठसे असे उमटतात की पहिल्याच आठवड्यात चष्मा पुसायचं कापड बाजूला ठेवावं लागतं. ओला फडका मारू नका, ओरखडे पडतात.

पुढच्या बाजूला पूर्वी एक जुन्या पद्धतीचं चौकोनी यूएसबी आणि एक टाइप-सी असायचं. आता दोन्ही टाइप-सी. साधा पेन ड्राइव्ह किंवा जुनी केबल असेल तर कन्सोलच्या मागे हात घालावा लागतो, चौकोनी पोर्टं तिथे आहेत. दर वेळी मागे हात घालायचा कंटाळा येत असेल तर छोटा टाइप-सी कन्व्हर्टर घेऊन ठेवा.

आणि काढलं काय? उभं ठेवायचा स्टँड. जुन्या पीएस५च्या खोक्यात तो मिळायचा आणि उभ्या-आडव्या दोन्हीला चालायचा. स्लिमच्या खोक्यात आडवं ठेवायला प्लॅस्टिकचे दोन चिमुकले पाय मिळतात. उभा ठेवायचा तर स्टँड वेगळा विकत. एवढ्या किमतीच्या वस्तूत ही कंजुसी मला आजही खटकते. आडवाच ठेवणार असाल तर काही बिघडत नाही, फक्त ते पाय हरवू नका. ते पारदर्शक आहेत आणि खोक्यातल्या पुठ्ठ्यात सहज राहून जातात.

सर्वांत कामाचा बदल डिस्क ड्राइव्हचा. स्लिमचा ड्राइव्ह सुटा होतो. डिजिटल स्लिम घेतला आणि वर्षभराने डिस्क हवीशी वाटली तर ड्राइव्ह आणून बाजूला बसवता येतो. जुन्या डिजिटल पीएस५ला ही सोय नव्हती आणि आताही नाही. ड्राइव्ह पहिल्यांदा जोडताना मात्र कन्सोल इंटरनेटवर जाऊन त्याची नोंद करतो. नेट नसेल तर डिस्क चालणार नाही. गावच्या घरी नवा कन्सोल उघडणार असाल तर फोनचा हॉटस्पॉट चालू ठेवा.

पायरी ३: डिस्क की डिजिटल, हिशोब मांडून ठरवा

स्लिम आला तेव्हा दोन मॉडेलमध्ये दहा हजारांचा फरक होता. दहा हजार वाचले म्हणून माणूस डिजिटल उचलतो, आणि इथेच बहुतेकांचं गणित चुकतं.

डिजिटलवर प्रत्येक गेम सोनीच्या स्टोअरमधूनच घ्यावा लागतो. तिथे जो भाव असेल तो. एकदा घेतलेला गेम परत विकता येत नाही, मावसभावाला देता येत नाही, आवडला नाही तर बसा बघत. डिस्कचं तसं नाही. आपल्याकडे जुन्या डिस्कचा बाजार जोरात आहे. शहरातल्या गेमच्या दुकानांत एक्स्चेंज चालतं, ऑनलाइन विकता येतात, आणि सोसायटीत चार पोरांकडे पीएस५ असेल तर चौघांत मिळून डिस्क फिरतात.

समजा एक नवा मोठा गेम पाच हजारांना आला. डिजिटलवर पाच हजार गेले ते गेले. डिस्क घेतली, महिनाभरात गोष्ट संपवली आणि तीन हजारांना विकली, तर गेम दोन हजारांत पडला. असे चार गेम झाले की दहा हजारांचा फरक भरून निघून वर पैसे उरतात. त्यात नवी डिस्क न घेता दुसऱ्याने वापरलेली घेतली तर आणखी स्वस्त. चकत्या घासलेल्या नाहीत ना, एवढं उजेडात धरून बघायचं.

म्हणून पहिल्यांदा घेणाऱ्या बहुतेक घरांना मी डिस्कवालाच सांगतो.

डिजिटल कोणाला शोभतो? पोरं फक्त फोर्टनाइटसारखे फुकट गेम खेळणार असतील तर डिस्क घेऊन करायचं काय? किंवा ज्याला वर्गणी भरून जुन्या-नव्या गेमच्या साठ्यातून हवं ते उतरवून खेळायला आवडतं, त्यालाही डिजिटल पुरतो. भारतात प्लेस्टेशन प्लसचे तीन स्तर आहेत: इसेन्शियल, एक्स्ट्रा आणि डीलक्स. विकत घेतलेला गेम मित्रांशी ऑनलाइन खेळायचा तर सर्वांत खालचा स्तर तरी लागतोच. फोर्टनाइटसारख्या फुकट गेमना लागत नाही. एक्स्ट्रामध्ये गेमचा मोठा साठा मिळतो. हा खर्च कन्सोलच्या किमतीत न दिसणारा आहे, दर वर्षीचा आहे, आणि घेण्याआधी घरात बोलून ठेवलेला बरा.

"डिजिटल घेऊ, पुढे ड्राइव्ह जोडू" असा विचार असेल तर आधी दुकानदाराला विचारा, सुटा ड्राइव्ह आहे का आणि केवढ्याला. कागदावर सोय असणं वेगळं आणि तुमच्या शहरात वस्तू मिळणं वेगळं. सुटा ड्राइव्ह धरून एकूण किंमत डिस्कवाल्याच्या जवळ किंवा वर जात असेल तर त्या विचारात अर्थ नाही.

डिस्कबद्दल दोन गैरसमज इथेच काढून टाकू. एक, डिस्कवरचा गेम सगळाच्या सगळा कन्सोलच्या आत उतरतो. डिस्क फक्त "हा गेम माझ्याकडे आहे" याचा पुरावा म्हणून आत लागते. त्यामुळे डिस्क घेतली म्हणून जागा वाचत नाही. दोन, पीएस५वर पीएस४च्या जवळपास सगळ्या डिस्क चालतात, पण पीएस३ आणि पीएस२च्या चालत नाहीत. माळ्यावर जुन्या डिस्कचा डबा असेल तर त्यावर आशा लावू नका. गाण्यांच्या सीडीही पीएस५वर वाजत नाहीत, ब्लू-रे आणि डीव्हीडी चालतात.

पायरी ४: जागेचा अंदाज घ्या

जुन्या पीएस५मध्ये ८२५ जीबी होते, त्यातले सुमारे ६६७ वापरायला मिळत. स्लिम १ टीबीचा आला, हातात साधारण ८४० जीबी पडतात. म्हणजे मोठे एक-दोन गेम जास्त. वाईट नाही, पण त्यासाठी जुना बदलावा इतकंही नाही. एक सावधगिरी: २०२५ मध्ये युरोपात आलेल्या नव्या डिजिटल मॉडेलमध्ये सोनीने साठवण पुन्हा ८२५ जीबीवर आणली. म्हणून खोक्यावर छापलेला आकडा स्वतः वाचा, विक्रेत्याच्या तोंडावर जाऊ नका.

जागा भरली तर दोन रस्ते. आत एम.२ एसएसडी (पट्टीच्या आकाराची वेगवान साठवण) बसवता येते. कव्हर हाताने सरकवून निघतं, आतले स्क्रू काढायचे, पट्टी बसवायची, की झालं. घेताना दुकानात तीन गोष्टी सांगा: चौथ्या पिढीची, वेग सेकंदाला ५,५०० एमबी किंवा त्याहून जास्त, आणि हीटसिंकसकट उंची ११.२५ मिलिमीटरपेक्षा कमी. जाड हीटसिंकवाली सुंदर दिसते, पण तिच्यावर झाकण बसत नाही.

दुसरा रस्ता स्वस्त: घरात पडलेली बाहेरची हार्ड डिस्क यूएसबीला लावा. पीएस४चे गेम तिच्यावरून थेट खेळता येतात. पीएस५चे गेम तिच्यावर नुसते ठेवता येतात, खेळायचे तर परत आत आणायचे. तरी १०० जीबी पुन्हा डाउनलोड करण्यापेक्षा हे कितीतरी लवकर होतं. १०० एमबीपीएसच्या लाइनवर १०० जीबी उतरायला सव्वादोन तास लागतात, ४० एमबीपीएसवर साडेपाच तास, तेही नेट पूर्ण वेगाने मिळालं तर. नेट धीमं असेल तर डिस्कच्या पारड्यात आणखी एक वजन टाका, कारण गेमचा मोठा भाग डिस्कवरून येतो आणि नेटवरून फक्त अपडेट उतरतात.

पायरी ५: टीव्ही आणि आवाज

यात फार शिरत नाही. एचडीएमआय असलेला कोणताही टीव्ही चालतो, साधा फुल एचडीसुद्धा. १२० हर्ट्झवर (सेकंदाला १२० चित्रं) ४के हवं असेल तर टीव्हीला एचडीएमआय २.१ लागतं. ते नाही म्हणून कन्सोलबरोबर टीव्हीही बदलायचा घाट घालू नका, बहुतेक गेम ६० किंवा ३० वरच चालतात. ऑप्टिकल ऑडिओचं पोर्ट पीएस५ला कधीच नव्हतं, स्लिमलाही नाही. साउंडबार टीव्हीला जोडा. खिशातले ब्लूटूथ इअरबड थेट जोडले जात नाहीत, यावर पहिल्या रात्री बरेच जण अडतात. कंट्रोलरच्या खालच्या बाजूला हेडफोनचं साधं भोक आहे, वायरवाले इअरफोन तिथे लावा.

पायरी ६: घरात जागा, धूळ आणि वीज

खोकं आणण्याआधी वर्तमानपत्राच्या कागदावर ३६ बाय २२ सेंटिमीटरचा तुकडा कापा आणि जिथे ठेवायचा तिथे पसरून बघा. मागे आणि बाजूंना भिंतीपासून दहा सेंटिमीटर मोकळे राहतात का ते पाहा. बंद कपाटात, काचेच्या दाराआड, टीव्हीच्या मागे कोंबून ठेवलात तर गरम हवा फिरून तिथेच येते. तासभर खेळल्यावर मागच्या जाळीसमोर तळहात धरा. हेअर ड्रायर मंद चालवल्यासारखी हवा यायला हवी आणि ती हवा जायला वाट हवी. जाड सतरंजीवर किंवा गालिच्यावर ठेवू नका, हवेची फट बुजते.

आपल्याकडे धूळ हा पंख्याचा मोठा शत्रू. रस्त्याकडेची खोली असेल तर दोन-तीन महिन्यांनी कन्सोल बंद करून, वायर काढून, कोरड्या मऊ ब्रशने जाळ्या झाडा. कापडी कव्हर घालायची हौस असेल तर ते फक्त बंद असताना. रेस्ट मोडमध्ये (पूर्ण बंद न होता झोपलेला) असताना कन्सोल मधेच जागा होऊन अपडेट उतरवतो, तेव्हा त्याच्यावर गोधडी नको.

उभा ठेवणाऱ्यांसाठी एक बारीक सूचना. आडव्या कन्सोलमध्ये डिस्कची छापील बाजू वर, उभ्या कन्सोलमध्ये छापील बाजू डावीकडे. उलटी घातली की यंत्र थोडं घरघरतं आणि डिस्क बाहेर ढकलतं. ड्राइव्ह बिघडला समजून लोक लगेच दुकानात फोन लावतात.

विजेचं फार मनावर घेऊ नका. मोठा गेम खेळताना पीएस५ साधारण २०० वॅटच्या आसपास घेतो, म्हणजे पाच तासांना एक युनिट. एसीपुढे हे काहीच नाही. त्रास होतो तो अचानक वीज गेल्यावर. गेम सेव्ह होत असतानाच गेली तर सेव्ह खराब होऊ शकतो. जिथे रोज वीज जाते तिथे ६०० व्हीएचा छोटा यूपीएस लावा. त्यावर तासभर खेळता येणार नाही, पण गेम सेव्ह करून नीट बंद करण्यापुरती पाच-सात मिनिटं मिळतात. घरात इन्व्हर्टर असेल तर तो साइन वेव्हचा आहे ना, ते बघा.

पॉवर केबल हरवली किंवा उंदराने कुरतडली तरी घाबरू नका. टेपरेकॉर्डरला असायची तशी आठच्या आकाराच्या तोंडाची दोन पिनांची केबल लागते, कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते.

पायरी ७: सेकंडहँड जाडा समोर आला तर

इथे स्लिमला खरी स्पर्धा आहे. स्लिम घेण्यासाठी लोक जुने पीएस५ विकतात, आणि चांगला जाडा स्वस्तात मिळत असेल तर तो घेण्यात काहीही कमीपणा नाही. गेम तेच चालणार.

मागच्या बाजूच्या पट्टीवर मॉडेल नंबर बघा. सीएफआय-१०००च्या घरातला पहिला, ११००चा त्यानंतरचा, १२००चा २०२२ मधला. १२००मध्ये चिप आधीच लहान पद्धतीची झाली होती, स्लिममध्येही त्याच जातीची आहे. म्हणून १२०० मिळाला तर उत्तम, ११०० चालेल, पहिला फारच स्वस्त असेल तरच.

घरी जाऊन, टीव्हीला जोडून, अर्धा तास खेळून बघा. पार्किंगमध्ये उभ्या उभ्या व्यवहार करू नका. डिस्क घाला, वाचते का बघा. एचडीएमआयची केबल पोर्टात हलवून चित्र जातं-येतं का पाहा, ते पोर्ट दुरुस्त केलेलं असेल तर किंमत पाडा. कंट्रोलरची काठी न हलवता मेनू आपोआप सरकत असेल तर काठी गेलेली आहे, नव्या कंट्रोलरचे पैसे कापून घ्या. स्वतःचं खातं टाकून ऑनलाइन जा, म्हणजे त्या कन्सोलवर सोनीने बंदी घातलेली नाही याची खात्री होते. विकणाऱ्याने आपलं खातं काढून कन्सोल पूर्ण रिसेट केल्याशिवाय पैसे देऊ नका. बिल मागा. बिल नाही म्हणाला तर खोक्यावरचा आणि यंत्रावरचा सीरियल नंबर तरी जुळतो का बघा.

"हॅक केलेला आहे, सगळे गेम फुकट" म्हणून कोणी विकत असेल तर मागे फिरा. तो कन्सोल ऑनलाइन नेता येत नाही, अपडेट करता येत नाही, आणि नवे गेम जुन्या सॉफ्टवेअरवर चालत नाहीत.

पायरी ८: नवा घेताना दुकानात

२०२४ मध्ये भारतात अधिकृत आलेला स्लिम सीएफआय-२००८ने सुरू होणाऱ्या नंबराचा होता. पुढचं अक्षर ए असेल तर डिस्कवाला, बी असेल तर डिजिटल. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात बाहेरून आणलेले नगही मिळतात आणि कधी चार-पाच हजारांनी स्वस्त असतात. ते चालतात, गेमना प्रदेशाचं कुलूप (एका देशातलं दुसऱ्या देशात न चालणं) नाही. पण भारतातली एक वर्षाची वॉरंटी त्यांना लागू होत नाही, आणि "आम्ही दुकानाची वॉरंटी देतो" हे वाक्य बिलावर लिहून मिळत नसेल तर त्याला किंमत नाही. दुबईतून किंवा अमेरिकेतून कोणी नातेवाईक आणणार असेल तरी हेच गणित. शिवाय यंत्राच्या मागच्या पट्टीवर १००-२४० व्होल्ट लिहिलंय ना, ते फोटो मागवून बघा.

सिनेमाच्या ब्लू-रे आणि डीव्हीडीला मात्र प्रदेशाचं कुलूप असतं. अमेरिकेतून आणलेल्या कन्सोलवर इथली डीव्हीडी अडू शकते.

पीएस५ प्रोची, म्हणजे याच कन्सोलच्या जास्त ताकदीच्या महाग मॉडेलची, चौकशी बरेच जण करतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये तो जगभर आला तेव्हा भारतात आला नाही, कारण त्यातल्या वाय-फाय ७ला लागणारा ६ गिगाहर्ट्झचा पट्टा त्या वेळी इथे खुला नव्हता. पहिल्यांदा घेणाऱ्याला त्याची गरजही नाही. सगळे गेम साध्यावर चालतात.

बंडलच्या ऑफर नीट वाचा. गेमसकट विकत असतील तर तो गेम डिस्कवर आहे की कोडवर, ते विचारा. कोड असेल तर विकता येत नाही. नको असलेला गेम घालून मूळ किंमत फुगवलेली असू शकते. दुसरा कंट्रोलर स्वस्तात देत असतील तर घ्या, घरात दोन भावंडं असतील तर तो पहिल्या आठवड्यातच लागतो.

पायरी ९: पहिला दिवस

नवीन खातं काढताना देश भारत निवडा. देश नंतर बदलता येत नाही आणि इथलं कार्ड दुसऱ्या देशाच्या स्टोअरमध्ये सहसा चालत नाही. मोठ्या माणसाच्या नावाने मुख्य खातं, पोरांची त्याखाली. खेळायच्या वेळेची मर्यादा आणि महिन्याचा खर्च तिथून बांधता येतो, खर्च शून्यावर ठेवता येतो. कार्ड साठवून ठेवू नका, लागेल तेवढ्या रकमेचं गिफ्ट कार्ड घ्या. फुटबॉलच्या गेममध्ये खेळाडूंची पाकिटं विकत घ्यायची सोय असते आणि दहा वर्षांच्या मुलाला ते पैसे खरे वाटत नाहीत.

सिस्टिम अपडेट आणि पहिला गेम उतरायला वेळ लागतो. वाढदिवसाची भेट असेल तर आदल्या रात्रीच खोकं उघडून हे उरकून घ्या, परत पॅक करा. खोकं आणि आतला पुठ्ठा वॉरंटीचं वर्ष संपेपर्यंत टाकू नका. सर्व्हिस सेंटरला पाठवायची वेळ आली तर याच पॅकिंगमध्ये कन्सोल सुखरूप जातो, आणि उद्या विकायचा झाला तर खोक्यासकट असलेल्याला भाव बरा येतो.